दगडांत दोन दिवस: ट्रायल्स बाइकस्वारांचा मुक्काम भरवताना

गणेशोत्सवात सावकाश सायकलची स्पर्धा आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. जो शेवटी पोहोचतो तो जिंकतो आणि ज्याचा पाय टेकतो तो बाद होतो. मोटरसायकल ट्रायल्सचं मर्म हेच. फरक इतकाच की मैदानाच्या जागी खडक, ओढ्याचं पात्र आणि मुरमाड चढ असतो आणि घड्याळाऐवजी टेकलेले पाय मोजले जातात. खऱ्या ट्रायल्स बाइकला सीट नसते, असली तरी नावाला असते. वजन सत्तर किलोच्या आसपास, टाकी दोन-तीन लिटरची, वेग चालत्या माणसाएवढा. शंभर फुटांच्या टप्प्यात माणूस घामाघूम होतो आणि बघणाऱ्याला वाटतं, एवढं काय त्यात!

वेग नसल्यामुळे हा खेळ शनिवार-रविवारच्या मुक्कामी शिबिराला फार सोयीचा पडतो. मोटोक्रॉसला ट्रॅक लागतो, रॅलीला तालुका लागतो. ट्रायल्सचं पाच-सहा एकर उंचसखल, खडकाळ जमिनीत भागतं आणि तंबूपासून सेक्शनपर्यंत, म्हणजे आखलेल्या अडथळ्यांच्या टप्प्यापर्यंत, चालत जाता येतं. म्हणूनच अशी शिबिरं भरवायला लोक उत्साहाने पुढे येतात आणि मग सगळा जीव तंबू, टी-शर्ट, बॅनर आणि ड्रोनच्या शूटिंगमध्ये घालतात. माझं मत विचाराल तर शिबिराची नव्वद टक्के मेहनत दोनच गोष्टींवर खर्च व्हायला हवी: जमीन आणि सेक्शन. या दोन जमल्या की पिठलं-भाकरीवरही लोक खूश असतात. त्या बिघडल्या तर तंबूत गाद्या घातल्या तरी पुढच्या वर्षी कोणी फिरकत नाही.

कोण येणार, ते आधी ठरवा

आपल्याकडे माँटेसा, बेटा, गॅसगॅस, शेर्को अशा खास ट्रायल्सच्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या भेटतात. त्या परदेशातून आणाव्या लागतात आणि रस्त्यावर चालवण्यासाठी त्यांची नोंदणी झालेली नसते. शिबिराला येणाऱ्यांत बहुतेक जण हीरोची एक्सपल्स किंवा रॉयल एनफिल्डची हिमालयन घेऊन येणार, एखादा घरच्या घरी फेरफार केलेली जुनी टू-स्ट्रोक आणणार. एक्सपल्सचं वजन दीडशे किलोच्या वर जातं, जुनी हिमालयन दोनशेच्या आसपास. सत्तर किलोची गाडी आणि दोनशे किलोची गाडी एकाच दगडावर चढवायला लावणं हा अन्याय आहे, शिवाय धोकाही आहे. तेव्हा नावनोंदणी करतानाच गाडी कोणती, किती वर्षांचा अनुभव, आधी कधी सेक्शन केला आहे का, एवढं विचारून घ्या आणि तीन वर्ग पाडा: खास ट्रायल्सच्या गाड्या, इतर गाड्यांवरचे सरावलेले, आणि नवखे.

जड गाड्यावाल्यांना कमी लेखू नका, एवढं मात्र सांगून ठेवतो. ज्या बुलेटच्या धडधडीवर आपल्याकडे गावंच्या गावं जीव टाकतात, ती एकेकाळी ट्रायल्सची नावाजलेली गाडी होती. जॉनी ब्रिटन या इंग्लिश स्वाराने 1952 आणि 1957 साली रॉयल एनफिल्डवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. त्याच आठवणीवर कंपनीने 2019 साली भारतात ‘बुलेट ट्रायल्स’ नावाची गाडी काढली होती.

संख्या पहिल्या खेपेला चोवीसच्या वर नेऊ नका. पार्किंग किंवा जेवणापेक्षा हा आकडा वेळेच्या हिशेबातून येतो. एक स्वार सेक्शनमध्ये शिरतो, बाहेर पडतो, टेकलेले पाय मोजणारा ऑब्झर्वर गुण लिहितो, पुढचा तयार होतो, या सगळ्याला साधारण दोन मिनिटं धरा. चोवीस जण, प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, म्हणजे एका सेक्शनवर बहात्तर खेपा आणि एकशे चव्वेचाळीस मिनिटं. त्यात चालणं, पाणी पिणं, एखादी बंद पडलेली गाडी ढकलणं मिळवा. सकाळी आठला सुरू केलं तर साडेअकरा-बारापर्यंत आटोपतं, ऊन डोक्यावर यायच्या आत. सेक्शन आठ असोत की सहा, सगळे एकाच वेळी चालू ठेवले तर हा वेळ बदलत नाही. आठ असतील तर तिघातिघांचे गट पडतील, सहा असतील तर चौघाचौघांचे. वेळ वाढतो तो स्वार वाढवले की. चाळीस जणांना हो म्हणालात तर रविवारी दुपारी दोन वाजता उन्हात रांग लागलेली असेल.

जमीन, बांध आणि गाव

जागा खासगीच हवी. सह्याद्रीत फिरताना एखादा ओढा, एखादा कातळ डोळ्यांत भरतो आणि ‘इथे कोण विचारतंय’ असं वाटतं. विचारणारे असतात. डोंगरउतारावरची बरीचशी जमीन वनखात्याची असते आणि तिच्यात मोटरसायकल घालणं हा सरळ गुन्हा ठरू शकतो. गायरान गावाचं म्हणून मोकळं वाटतं, पण तिथे गुरं चरतात आणि त्या जमिनीवर हक्क सरकारचा असतो. देवराईचा तर विचारही नको. किल्ल्यांच्या वाटा आणि माच्या वर्ज्य. कातळसड्यांवर उन्हाळ्यात काहीच दिसत नाही म्हणून ती जागा निरुपयोगी समजू नका. पावसाळ्यात त्याच इंच-दोन इंच मातीत कासच्या पठारासारखा फुलोरा येतो आणि चाकांनी ती माती खरवडली की ती परत जमायला पिढ्या लागतात.

परदेशात सगळं मोकळं असतं, हा समज इथेच काढून टाकावा. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने कोणालाही कुणाच्याही माळरानावर पायी किंवा सायकलने जाता येतं, पण मोटर लावलेल्या वाहनाला ही मुभा नाही. ज्या सिक्स डेज ट्रायलची परंपरा 1909 पासून सांगतात, तिलाही जमीनमालकांची परवानगी घेतल्याशिवाय फोर्ट विल्यमच्या डोंगरात चाक घालता येत नाही.

तर मग शोधायचं काय? डोंगराच्या पायथ्याशी पडीक, मुरमाड जमीन, तिच्यातून जाणारा हिवाळ्यात कोरडा पडलेला ओढा किंवा ओघळ, काही उघडे खडक आणि गाड्या-तंबू लावायला एक सपाट तुकडा. भातकापणी झालेल्या खाचराच्या वरच्या अंगाला अशी जमीन पुष्कळ ठिकाणी असते. बंद पडलेली दगडखाण दिसायला झकास, पण तिचे कडे सुटलेले असतात आणि तळात पाणी साठलेलं असतं. खाण घ्यायचीच तर कड्यापासून लांबचा भाग तेवढा वापरा.

जमीन पसंत पडली की सातबारा काढा. तो आता ऑनलाइन मिळतो, मिनिटाचं काम आहे. खरं काम पुढे आहे, कारण सातबाऱ्यावर एकाचं नाव क्वचितच असतं. तुमच्याशी बोलणारा भाऊ हो म्हणतो, मुंबईतला भाऊ शनिवारी रात्री फोन करून नाही म्हणतो. सगळ्या खातेदारांना, आणि जमीन कसणारा वेगळा असेल तर त्यालाही, आधीच विश्वासात घ्या आणि लेखी संमती घ्या. तीत तारखा, गाड्यांची संख्या, कोणत्या भागात चाक फिरणार आणि कोणत्या भागात नाही, मोबदला किती आणि नुकसान झालं तर कोण भरून देणार, हे साध्या मराठीत लिहा. सोबत गावच्या नकाशाची प्रत घेऊन मालकाबरोबर हद्दीवरून एकदा चालत जा.

आणि बांध. शहरातल्या आयोजकाला बांध म्हणजे एक छोटा मातीचा उंचवटा वाटतो, गाडी उडवायला आयता मिळालेला. गावात त्याच बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात. बांधाची माती एक फूट सरकली तरी शेजाऱ्याला ती सरकवलेली वाटते. कोणताही सेक्शन बांधावरून नेऊ नका आणि ज्या बांधाजवळून गाड्या जाणार आहेत त्याच्या कडेने सुतळी बांधा. गवत कापून रचलेली गंजी जवळ असेल तर तिच्यापासून सायलेन्सर आणि चूल दोन्ही लांब. डिसेंबरनंतर डोंगर वाळलेला असतो, एका ठिणगीने वणवा लागतो.

गावाला कळवायचं म्हणजे सरपंचांना एक व्हॉट्सअॅप टाकून मोकळं व्हायचं असं नाही. ग्रामपंचायतीला पत्र द्या, पोलीस पाटलांना भेटा, पोलीस ठाण्यात लेखी माहिती देऊन पोच घ्या. भेटीत एक प्रश्न आवर्जून विचारा: त्या आठवड्यात गावात सप्ताह आहे का, जत्रा आहे का, कुणाच्या घरी लग्न आहे का? हरिनाम सप्ताहाच्या कीर्तनात टू-स्ट्रोकचा आवाज घुमला तर तुमच्या सगळ्या परवानग्या कागदावर राहतील. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा कायद्यानेच बंद असतो. माझं म्हणणं असं की तो आणूच नये. इंजिनांच्याही वेळा ठरवून गावाला सांगा: सकाळी आठ ते बारा, दुपारी साडेतीन ते सहा, मधल्या वेळेत आणि अंधार पडल्यावर एकही गाडी सुरू होणार नाही. हे पाळलं की पुढच्या वर्षी गाव स्वतःहून विचारतं.

शिबिर सरावाचं आणि मित्रांचं असेल तर एवढं पुरतं. बक्षिसं लावून, प्रवेशशुल्क घेऊन, जाहिरात करून स्पर्धा भरवायची असेल तर देशातल्या मोटरस्पोर्टचं नियमन करणाऱ्या एफएमएससीआयच्या परवान्याची आणि नियमांची वाट धरावी लागते. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. विम्याचंही तपासा. वैयक्तिक अपघात विम्याच्या अनेक पॉलिसींत साहसी खेळ आणि मोटरस्पोर्ट वगळलेले असतात, आणि ती ओळ बारीक टायपात असते. प्रत्येकाकडून जबाबदारीचं प्रतिज्ञापत्र घ्या, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही घ्या. पण त्या कागदाने आयोजकाची हलगर्जी झाकली जाते अशा भ्रमात राहू नका.

महिना? नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात खडकावर शेवाळ असतं, शेतात लावणी असते आणि ओढा कधी फुगेल सांगता येत नाही. मार्चपासून ऊन आणि वणव्याची भीती.

सेक्शन लावणं

सेक्शन म्हणजे दोन बाजूंनी आखलेला अडथळ्यांचा टप्पा. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत पाय टेकायचा नाही. न टेकता पार केला तर शून्य, एकदा टेकला तर एक, दोनदा तर दोन, तीन किंवा त्याहून जास्त वेळा तर तीनच. पडलात, हद्दीबाहेर गेलात किंवा गाडी पुढे सरकेना, तर पाच. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो पहिला. बरोबरी झाली तर ज्याचे शून्य जास्त तो वर. सेक्शनमध्ये थांबायला परवानगी आहे की थांबला की पाच, हे आदल्या दिवशी जाहीर करा. नवख्यांच्या शिबिरात ‘थांबला की पाच’ हा नियम बरा, रांग हलती राहते आणि ऑब्झर्वरशी वाद होत नाहीत.

आखणीची जगभरची खूण सोपी आहे: उजवीकडे लाल, डावीकडे निळी. स्वार नेहमी या दोघांच्या मधून जातो. बांबूच्या खुंट्यांना रंगीत पट्ट्या बांधा, कडेने टेप किंवा सुतळी लावा. खडकावर रंग मारू नका, ती खूण वर्षानुवर्षं राहते. मैदान आखायला वापरतात ती फक्की पुरे, एक पाऊस पडला की धुऊन जाते. एकाच सेक्शनमध्ये तीन वर्गांचे तीन मार्ग वेगळ्या रंगाच्या बाणांनी दाखवता येतात. बाण जमिनीपासून फूट-दीड फूट उंच लावा. स्वाराची नजर आठ-दहा फूट पुढच्या जमिनीवर असते, माणसाच्या उंचीवर लावलेला बाण त्याला दिसतच नाही.

आता सगळ्यांत मोठी चूक. सेक्शन लावणारा बहुधा गटातला सर्वांत चांगला स्वार असतो आणि तो स्वतःला आवडतील असे सेक्शन लावतो. त्याने टोनी बोऊचे व्हिडिओ पाहिलेले असतात. हा स्पेनचा गडी 2007 ते 2024 या काळात दर वर्षी मोकळ्या मैदानातल्या आणि बंदिस्त स्टेडियममधल्या अशा दोन्ही ट्रायल्सचा जगज्जेता ठरला. त्याने चढलेल्या दगडांची उंची मनात ठेवून मुळशीच्या खोऱ्यात सेक्शन लावला तर बावीस जणांना पाच मिळतात, दोघांना तीन, आणि दुपारी लोक सामान आवरायला लागतात. हिशेब असा धरा: नवख्याने तीन फेऱ्यांत एकदा तरी शून्य काढलं पाहिजे आणि तरबेजाने एकदा तरी पाय टेकला पाहिजे. नवख्यांच्या मार्गावर वीतभर उंचीची पायरी पुरते. मधल्यांना गुडघ्याखालपर्यंतची. त्यापुढचं खास ट्रायल्सच्या गाड्यांसाठी.

अवघडपणा वळणात ठेवा, उंचीत नको. उताराला आडवं जाणारं वळण, ओल्या वाळूतून बाहेर पडताना लगेच डावीकडे घ्यायचा चढ, दोन दगडांमधली हँडलभर फट, यांत कसब लागतं आणि पडलं तरी माणूस जागच्या जागी पडतो. सहा फुटांच्या कड्यावरून उडी मारण्यात कसबापेक्षा नशीब जास्त लागतं. प्रत्येक सेक्शन लावल्यावर उलट्या बाजूने चालून बघा आणि एकच प्रश्न विचारा: इथे पडला तर कशावर पडेल? खाली टोकदार दगड, काटेरी तार, बाभळीची खोडं, निवडुंग असेल तर मार्ग बदला. करवंदीची जाळी आणि घाणेरी टायरला काही करत नाहीत, माणसाला करतात.

आपला दगड एकसारखा नसतो, हे सेक्शन लावताना सारखं लक्षात ठेवावं लागतं. काळा पाषाण शंभर गाड्या गेल्या तरी तसाच राहतो, कोरडा असताना टायर त्याला घट्ट धरतो. मुरूम मात्र दहा खेपांत सुटतो. पहिल्याला चढ मिळतो, विसाव्याला चर. मुरमाडावर सेक्शन असेल तर दर फेरीला गटांचा क्रम उलटा करा, नाहीतर शेवटच्या गटावर अन्याय होतो. ओढ्यात सेक्शन घेताना पाणी वाहतं असेल तर सोडून द्या. खाली कुणाची विहीर, गुरांचं पाणी असतं आणि तेलाचा एक थेंब पाण्यावर केवढा पसरतो ते सगळ्यांना दिसतं.

सेक्शन लावायला किमान चौघे जण गुरुवारी किंवा शुक्रवारी पोहोचले पाहिजेत. पहार, फावडं, कोयता, घमेलं, खुंट्या, सुतळी आणि जाड हातमोजे. दगड हाताने उचलायचा नाही, आधी पहारीने कलता करायचा. दगडाखाली विंचू असतो, कोकणच्या अंगाला फुरसंही असतं. वर कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ आहे का, ते गावातल्या माणसाला विचारा. तुम्हाला दिसणार नाही, गुराख्याला नेमकं माहीत असतं. पोळं दिसलं तर त्या कड्याच्या आसपास ना चूल, ना गाड्या, ना ड्रोन. या एका कारणासाठी आखलेला सेक्शन मोडावा लागला तर मोडा.

ऑब्झर्वर ही शिबिरातली सर्वांत दुर्लक्षित जमात. सकाळपासून एका दगडावर बसून दुसऱ्यांचे पाय मोजायचे! त्याला सावली, पाण्याची बाटली, शिट्टी, कार्डं आणि दोन तासांनी बदली द्या. स्वारांच्या घरची मंडळी हे काम उत्तम करतात. नवऱ्याला पाच देताना एकाही ऑब्झर्वरचा हात थरथरलेला पाहिला नाही.

गाड्या, पेट्रोल, हवा

नोंदणी नसलेली गाडी टेम्पोतून किंवा छोट्या हत्तीतूनच आणायची. गावातल्या दोन किलोमीटरसाठीसुद्धा ती रस्त्यावर चालवायची नाही. चढवायला लाकडी फळी, बांधायला रॅचेटचे पट्टे, पेट्रोलचा कॉक बंद.

पेट्रोल धातूच्या झाकणबंद कॅनमधून आणा, प्लास्टिकच्या बाटलीत बहुतेक पंपांवर देतही नाहीत. टू-स्ट्रोकसाठी तेल मिसळलेलं आणि फोर-स्ट्रोकचं साधं, असे दोन प्रकारचे कॅन असणार. त्यांच्यावर ठळक अक्षरांत लिहा आणि रंगही वेगळे ठेवा. घाईत टू-स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल गेलं तर पिस्टन जाम होतो आणि महागाचं इंजिन जागेवर बसतं. तेलाचं प्रमाण प्रत्येकाने आपल्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे घ्यावं, ‘आम्ही सगळ्यांना एवढंच घालतो’ हा सल्ला ऐकू नये. पेट्रोलची जागा एकच, सावलीत, चुलीपासून आणि तंबूंपासून लांब, शेजारी वाळूच्या बादल्या आणि ड्राय पावडरचा अग्निशामक.

हवा हा ट्रायल्समधला अर्धा खेळ आहे. खास गाडीच्या मागच्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय हवा असते, पुढच्यात किंचित जास्त. टायर खडकावर पसरतो म्हणून पकड मिळते. पेट्रोलपंपावरचं मीटर इतक्या खाली विश्वासाचं नसतं, कमी दाबाचं वेगळं मीटर शिबिरात एक तरी ठेवा. एक्सपल्स-हिमालयनवाल्यांनी त्यांची नक्कल करू नये. त्यांच्या ट्यूबमध्ये हवा फार उतरवली तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चिमटते, किंवा टायर रिमवर फिरून व्हॉल्व्हच उपटतो. पंधराच्या आसपास थांबावं. आणि रविवारी घरी निघताना ती हवा परत भरायची आहे, म्हणून पंप चालता ठेवा.

हेल्मेट, घोट्याच्या वर जाणारे बूट, हातमोजे, गुडघ्याचे पॅड याशिवाय सेक्शनमध्ये प्रवेश नाही. मनगटाला बांधायचा किल-स्विच खास गाड्यांना सक्तीचा करा. स्वार पडतो, दोरी सुटते, इंजिन बंद होतं. नाहीतर मोकळी सुटलेली गाडी बघणाऱ्यांत घुसते. दुखापती होतात त्या मनगट, बोटं, घोटा, नडगी यांच्या, बहुतेक किरकोळ. तरी जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे, तिथे सर्पदंशाची लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे जाऊन बघून या. 108 ची रुग्णवाहिका बोलवायला फोन लागला पाहिजे, म्हणून शिबिराच्या जागेत रेंज नेमकी कुठे येते तिथे एक खुंटी रोवून ठेवा. एक चारचाकी तोंड रस्त्याकडे करून उभी ठेवायची आणि तिचा ड्रायव्हर दोन्ही दिवस कोरडा राहील.

मुक्काम

तंबू ओढ्याच्या पात्रात लावू नका, पात्र कितीही कोरडं आणि वाळू कितीही मऊ असली तरी. अवकाळी पाऊस वर डोंगरात पडतो आणि पाणी खाली येतं. जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा असतो, लोकांना पांघरुणं आणायला बजावून सांगा.

स्वार, ऑब्झर्वर आणि मदतनीस मिळून चाळीस माणसं धरली तर प्यायला माणशी दिवसाला चार लिटर, दोन दिवसांचे तीनशे वीस, म्हणजे वीस लिटरचे सोळा जार. धुण्या-आंघोळीचं पाणी वेगळं. शौचालयाची सोय ओढ्यापासून आणि विहिरीपासून लांब, बायकांसाठी वेगळी, आतून कडी लागणारी आणि रात्री तिथे दिवा असलेली. ही सोय नसल्यामुळे बायका-मुली येत नाहीत, आणि मग आयोजक म्हणतात की बायकांना या खेळात रस नाही.

जेवण गावातल्या महिला बचत गटाकडे सोपवा. सकाळी पोहे, दुपारी पिठलं-भाकरी-ठेचा, रात्री चुलीवरचा रस्सा. ताटांचा आकडा दोन दिवस आधी पक्का सांगा, आगाऊ निम्मे पैसे द्या आणि उरलेले रविवारी दुपारी, निघायच्या आधी. शाकाहारी किती ते विचारायला विसरू नका. दारूबद्दल प्रत्येक गटात चर्चा होते. माझा नियम सोपा आहे: शिबिराच्या जागेत नाही. सकाळी आठला खडकावर तोल सांभाळायचा असेल त्याला तशीही ती परवडत नाही.

शनिवारचा दिवस शिकण्याचा ठेवा. सकाळी जमवाजमव आणि गाड्यांची तपासणी, दुपारी साडेतीनपासून तोल, आठच्या आकड्यातली वळणं, एका बोटावर क्लच आणि मग छोट्या पायऱ्या. प्रत्येक सहा जणांमागे एक जाणता. संध्याकाळी इंजिनं बंद झाली की उभ्या गाडीवर तोल धरून किती वेळ राहता येतं याची चढाओढ लावा, यात बारकी पोरं थोरांना हरवतात. इलेक्ट्रिक ट्रायल्स सायकल कुणाकडे असेल तर ती आणायला सांगा, मुलं दिवसभर तिच्यावरून उतरत नाहीत आणि आवाजही होत नाही. रात्री जेवणानंतर दुसऱ्या दिवशीचे नियम एकदा वाचून दाखवा. रविवारी सकाळी सात ते आठ सगळ्यांनी चालत सेक्शन पाहायचे, आठला शिट्टी.

दुपारी जेवणं झाली की निकाल सांगा आणि लगेच आवरायला घ्या, नाहीतर लोक पांगतात. आवराआवरीची कामं शनिवारीच वाटून दिलेली असावीत: प्रत्येक गटाने आपला शेवटचा सेक्शन मोडायचा, खुंट्या मोजून परत द्यायच्या, टेपचा तुकडासुद्धा मागे ठेवायचा नाही. टेप गुरांच्या पोटात जाते. मुरमात पडलेले चर फावड्याने बुजवा, पहिल्या पावसात त्यातूनच माती वाहून जाते. मग मालकाला बोलवून सगळ्या जमिनीवरून एक फेरी मारा. जिथे तो थांबेल तिथे काय बिघडलंय ते विचारा, दुरुस्त होण्यासारखं असेल तर तिथेच दुरुस्त करा, नसेल तर पैसे ठरवा आणि ठरलेला मोबदला त्याच्या हातात देऊन पावती घ्या. जमा-खर्चाचा हिशेब आठ दिवसांत सगळ्यांना पाठवा. पैसे उरले असतील तर कमी दाबाचं दुसरं मीटर घेऊन ठेवा, पहिलं कोणाच्या तरी टूलबॉक्समधून पुण्याला गेलेलं असतं.